नफा येणार कुठून?

महापालिकेची शाळा बुडीत निघाली की एक उपाय हमखास सुचवला जातो: ती एखाद्या कंपनीला चालवायला द्या. उपाय सुचवणारे लोक दुष्ट नसतात. त्यांचा राग खरा असतो आणि त्यांची कैफियत वरवर बिनतोड वाटते. म्हणून आधी ती कैफियत त्यांच्याच बाजूने, काही न लपवता मांडतो.

ते म्हणतात, शहरातल्या सरकारी शाळांवर दरवर्षी पैसा ओतला जातो आणि सातवीतल्या मुलाला चौथीचा उतारा वाचता येत नाही. शिक्षक कायम, अधिकारी कायम, नापास होते ते फक्त मूल. कोणाची नोकरी जात नाही, कोणाची बढती अडत नाही. कंपनीला मात्र निकाल दाखवल्याशिवाय पुढचे कंत्राट मिळणार नाही. शाळा सरकारचीच राहील, फी लागणार नाही, सरकार आज दर मुलामागे जेवढा खर्च करते तेवढाच कंपनीला देईल. त्यातून नीट कारभार करून कंपनीने चार पैसे कमावले तर तुमच्या पोटात का दुखावे? आणि नाहीच जमले तर करार रद्द करायला सरकार मोकळे आहे.

या मांडणीतला पहिला भाग मला मान्य आहे. शहरांतल्या गरिबांच्या शाळांची आबाळ झाली आहे, ती करणाऱ्यांत सरकारी यंत्रणा आहे, आणि शिक्षक संघटनांनी अनेकदा मुलांपेक्षा बदल्यांची काळजी जास्त वाहिली आहे. माझा वाद पुढच्या भागाशी आहे. तो भाग तर्काने मांडला जातो, पण हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत तो पुन्हा पुन्हा, मोठ्या शहरांत, भरपूर पैसा आणि राजकीय पाठबळ देऊन झाला. त्याचा हिशेब उपलब्ध असताना नुसत्या तर्कावर विसंबण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा प्रयोग फिलाडेल्फियाचा. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर टॉम रिज यांनी २००१ साली शहराच्या शाळांचा अभ्यास करण्याचे काम ‘एडिसन स्कूल्स’ या कंपनीला दिले, त्यासाठी २७ लाख डॉलर मोजले. रोगाचे निदान आणि औषधविक्री एकाच दुकानात. निदान काय निघणार हे सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याने शहराचा शालेय कारभार ताब्यात घेतला, निवडणुकीशी संबंध नसलेला पाच जणांचा आयोग नेमला आणि २००२च्या एप्रिलमध्ये सर्वांत मागे पडलेल्या चाळीसहून अधिक शाळा बाहेरच्या व्यवस्थापकांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. त्यांतल्या २० एडिसनच्या वाट्याला आल्या. शिवाय नफा कमावणाऱ्या आणखी दोन कंपन्या होत्या, काही ना-नफा संस्था होत्या, टेंपल आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन विद्यापीठे होती.

एडिसन ही ऐरीगैरी कंपनी नव्हती. संस्थापक ख्रिस व्हिटल प्रसारमाध्यमांच्या धंद्यात नाव कमावलेला माणूस. वर्गावर्गांत दूरचित्रवाणी संच बसवायचे आणि मुलांना रोज जाहिरातींसकट बातम्या दाखवायच्या, ही ‘चॅनल वन’ची कल्पना त्याचीच. १९९२मध्ये त्याने येल विद्यापीठाचे अध्यक्ष बेनो श्मिट यांना अध्यक्षपद सोडायला लावून आपल्याकडे आणले. १९९५मध्ये पहिल्या चार शाळा सुरू झाल्या. १९९९मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, १८ डॉलरचा शेअर २००१च्या सुरुवातीला ३८च्या वर गेला. ‘बाजाराची शिस्त’ शाळेत आणायची म्हणणाऱ्यांना याहून चांगला उमेदवार मिळणे शक्य नव्हते.

पहिला दावा खर्चाचा. सरकार आज करते तेवढ्याच खर्चात कंपनी चांगली शाळा चालवून दाखवेल, असे सांगितले जाते. फिलाडेल्फियात एडिसनला नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त दर विद्यार्थ्यामागे ८८१ डॉलर जादा मिळाले. विद्यापीठांना साधारण त्याच्या निम्मे. त्याआधी १९९२मध्ये बाल्टिमोरने नऊ शाळा ‘एज्युकेशन अल्टर्नेटिव्ह्ज’ या कंपनीकडे दिल्या होत्या. तिथल्या मूल्यमापनात या शाळांवरचा दर मुलामागचा खर्च तुलनेच्या शाळांपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त निघाला. आणि इतके करून एडिसनला नफा झाला म्हणावे तर तेही नाही. शेअर बाजारात नोंदलेली असेपर्यंतच्या सगळ्या काळात एका तिमाहीचा अपवाद सोडला तर कंपनी तोट्यातच होती.

जादा पैसा घेऊनही तोटा का, याचे उत्तर शाळेच्या खर्चाच्या रचनेत आहे, आणि या सगळ्या वादाचा कणाही तिथेच आहे. शाळेचा बहुतांश खर्च पगारावर होतो. उरलेला इमारत, वीज, पुस्तके, वाहतूक यांवर. मिळणारी रक्कम ठरलेली, ग्राहक वाढवून दर वाढवण्याची सोय नाही, यंत्र आणून माणसे कमी करण्याची फारशी सोय नाही. मग नफा येणार कुठून? महिन्याच्या ठरावीक दरात जेवण देणाऱ्या खानावळवाल्याकडे जेवढ्या वाटा असतात तेवढ्याच इथे आहेत, आणि त्या सगळ्या वरण पातळ होण्याकडे जातात.

बाल्टिमोरमध्ये हे अगदी डोळ्यांदेखत घडले. कंपनीने इमारती रंगवल्या, स्वच्छतागृहे दुरुस्त केली, संगणक आणले. हे श्रेय तिला द्यायलाच हवे, कारण सरकारला तेवढेही वर्षानुवर्षे जमले नव्हते. पण वर्गात शिक्षकांच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनीस बाया कंपनीला महाग वाटल्या. संघटनेच्या सभासद, बऱ्याचशा आसपासच्याच वस्तीतल्या, मुलांच्या आयांना नावानिशी ओळखणाऱ्या. त्यांना त्या शाळांतून हलवले आणि त्यांच्या जागी कमी पगारावर, कसल्याही सवलतींविना, नुकतेच पदवीधर झालेले ‘इंटर्न’ आणले. ताळेबंदात ही बचत म्हणून दिसते. कोणते मूल उपाशी आले आहे, कोणाच्या घरी काल रात्री पोलीस आले होते, हे माहीत असलेली बाई वर्गातून गेली, याचा रकाना ताळेबंदात नसतो. पुढे हार्टफर्ड शहराने १९९४मध्ये आपला अख्खा शालेय कारभार याच कंपनीला दिला. मोबदला बचतीतून घ्यायचा, असे ठरले होते. कंपनीने बचत शोधली ती शिक्षकांची शेकडो पदे कमी करण्यात. १९९६च्या सुरुवातीला करार मोडला, तोही कोण कोणाला किती पैसे देणे लागतो या भांडणात. बाल्टिमोरचा करार त्याच सुमारास संपला होता. चार-पाच वर्षांत कंपनीच दिवाळखोरीत गेली.

एडिसनच्या व्हिटलने २००२मध्ये आणखी एक वाट सुचवली. मुलांनी रोज तासभर शाळेच्या कार्यालयात वगैरे काम करायचे. सहाशे मुलांचा एकेक तास म्हणजे ७५ पूर्णवेळ माणसांचे काम. अंमल झाला नाही, पण या कल्पनेला मी नुसती विक्षिप्त म्हणून सोडून देणार नाही. ठरलेल्या रकमेतून नफा काढायचा असेल तर विचार सरळ चालत कुठे पोहोचतो, ते तिने प्रामाणिकपणे दाखवले. गरीब वस्तीतले मूल शाळेत आले ते शिकायला; हिशेबनीसाच्या नजरेला ते फुकटचे मनुष्यबळ दिसले.

दुसरा दावा निकालांचा. पैसा जास्त गेला तरी चालेल, मुले शिकली ना? रँड कॉर्पोरेशन आणि ‘रिसर्च फॉर अॅक्शन’ यांनी फिलाडेल्फियातल्या चार वर्षांचा अभ्यास २००७च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. खासगी व्यवस्थापनाखालच्या शाळांच्या वाचनात आणि गणितात, इतर शाळांच्या तुलनेत, दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. हार्वर्डच्या पॉल पीटरसन यांनी याच आकडेवारीच्या वेगळ्या मांडणीतून नफ्याच्या कंपन्यांच्या शाळा गणितात बऱ्या ठरल्याचा निष्कर्ष काढला. मी तो लपवत नाही. दोन्ही अभ्यास बाजूबाजूला ठेवले तरी एवढे म्हणता येते की, ज्या चमत्काराच्या नावावर शहराचा स्वतःचा कारभार बाजूला सारला गेला, तो चमत्कार सापडायला संख्याशास्त्रज्ञांना भिंग घेऊन बसावे लागले.

पण रँडच्या अहवालातला खरा निष्कर्ष वेगळाच आहे आणि खासगीकरणाचे वकील त्याचा उल्लेख चुकूनही करत नाहीत. त्याच शहरात, त्याच वर्षी, तशाच मागे पडलेल्या २१ शाळा शालेय प्रशासनाने कोणालाही न देता स्वतःकडे ठेवल्या. त्यांच्यासाठी वेगळे कार्यालय उघडले, जादा निधी दिला, तोही एडिसनपेक्षा कमी. शिक्षकांना प्रशिक्षण आणि रोजचे मार्गदर्शन दिले, एकसमान अभ्यासक्रम लावला. या शाळांत गणितात पहिली तिन्ही वर्षे स्पष्ट सुधारणा दिसली, वाचनात पहिल्या वर्षी. आणखी १६ शाळांना नुसता जादा पैसा मिळाला, बाकी काही नाही. तिथे फरक पडला नाही. म्हणजे नुसता पैसा पुरेसा नव्हता, हे खासगीकरणवाल्यांचे म्हणणे खरेच निघाले. पण पैशाला जोड हवी होती ती सरकारी यंत्रणेनेच मनावर घेऊन केलेल्या कामाची. आणि झाले काय? यशस्वी ठरलेले ते सरकारी कार्यालय तीन वर्षांनी गुंडाळले गेले. कंपन्यांची कंत्राटे मात्र चालू राहिली.

तिसरा दावा प्रोत्साहनाचा: निकालाशी पैसे जोडा, म्हणजे निकाल आपोआप येईल. हा प्रयोग तर त्याहूनही जुना आहे. टेक्सारकाना या टेक्सास-आर्कन्सॉच्या सीमेवरच्या गावात १९६९मध्ये डॉर्सेट नावाच्या कंपनीला मुलांच्या प्रगतीच्या हिशेबाने पैसे द्यायचे ठरले. वर्षअखेरीला उघडकीस आले की परीक्षेतले प्रश्न मुलांकडून आधीच घोटवून घेतले होते. तरीही केंद्र सरकारने १९७०-७१मध्ये १८ ठिकाणी, सहा कंपन्यांना घेऊन हाच प्रयोग केला. कंपन्यांची मुले इतर मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. बाल्टिमोरच्या कंपनीनेही गुण वाढल्याचे जाहीर केले होते; नंतर ते आकडे फुगवलेले निघाले. यात माणसांच्या लबाडीपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे. ज्या आकड्यावर पैसे मिळतात तो आकडा वाढवण्याचे दोन मार्ग असतात आणि मुलाला शिकवणे हा त्यांतला लांबचा व महागाचा मार्ग आहे. सरकारी शिक्षकांवर परीक्षेच्या आकड्यांचा दबाव आला की तेही हेच करतात. मग त्या दबावात शेअर बाजाराचा दबाव मिसळून काय साधणार?

इथे समोरून एक चांगला प्रश्न येतो आणि त्याला बगल देणे योग्य नाही. पाठ्यपुस्तके छापणारा नफा घेतो, शाळेची इमारत बांधणारा कंत्राटदार घेतो, बाके पुरवणारा घेतो. त्यांच्या नफ्याने शिक्षण बाटत नाही, मग व्यवस्थापनाच्या नफ्यानेच का? याचे उत्तर सोवळेपणात शोधू नये, कराराच्या स्वरूपात शोधावे. बाकाची लांबी, लाकूड, जाडी कागदावर लिहिता येते. कमी भरले तर परत करता येते. मूल नीट शिकवले म्हणजे काय केले, हे कोणत्याही निविदेत पुरते लिहिता येत नाही. ऑलिव्हर हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७मध्ये तुरुंगांचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट दाखवली. जिथे खर्च कापल्याने दर्जा घसरतो आणि तो दर्जा करारात बांधता येत नाही, तिथे खासगी कंत्राटदाराला कापाकापीचा मोह अटळ असतो आणि काम सरकारने स्वतः करणे शहाणपणाचे असते. हे तिघे बाजारविरोधी गोटातले नव्हेत. हार्ट यांना २०१६मध्ये करारांच्या याच सिद्धान्तासाठी नोबेल मिळाले.

आता शेवटचा आणि सर्वांत लाडका दावा: नाही जमले तर काढून टाकू. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात काय होते ते एडिसननेच दाखवले. २००२च्या मे महिन्यात अमेरिकेच्या रोखे नियामकाने एडिसनच्या हिशेबांवर आदेश काढला. शिक्षकांचे पगार वगैरे जी रक्कम शालेय प्रशासन परस्पर देत होते, कंपनीच्या हाती कधी येतच नव्हती, ती कंपनी आपल्या महसुलात दाखवत होती आणि गुंतवणूकदारांना तसे सांगत नव्हती. शेअर कोसळला, ऑक्टोबरात तो १४ सेंटवर आला. या दोन घटनांच्या मध्ये फिलाडेल्फियातल्या वीस शाळा उघडायच्या होत्या. त्या वेळच्या बातम्यांनुसार, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर कंपनीने पाठवलेली पुस्तके, संगणक, प्रयोगशाळेचे साहित्य, वाद्ये ट्रकमध्ये भरून परत नेली, कारण हाती रोकड हवी होती. खर्च वाचवायला कंपनीचे काही अधिकारी शाळांतल्या खोल्यांत जाऊनही बसले. त्यांना प्रशासनाने बाहेर काढले.

शेअर कोसळला तर गुंतवणूकदार विकून मोकळा होतो. सोमवारी सकाळी वर्गात बसणाऱ्या मुलाला तशी सोय नाही. म्हणूनच फिलाडेल्फियाच्या आयोगाला एडिसन हवी की नको हा प्रश्नच उरला नव्हता. वीस शाळा दिल्यावर त्या कंपनीला जगवणे ही आयोगाचीच गरज झाली. तिच्याकडच्या काही शाळा काढून घ्यायला २००८ साल उजाडले, आणि ती शहरातून पूर्ण बाहेर पडायला त्यानंतरही काही वर्षे लागली. दरम्यान २००३मध्ये कंपनीचे शेअर एका खासगी गुंतवणूक संस्थेने विकत घेतले. पैसा होता फ्लोरिडाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा, म्हणजे इतरांबरोबर तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांचाही. नफा खासगी व्हायचा होता तो झालाच नाही. बुडत्या कंपनीला हात द्यायला पुन्हा सार्वजनिक पैसाच लागला.

ओहायोमधली गोष्ट याच्याही पुढची आहे. तिथे ‘व्हाइट हॅट’ ही कंपनी क्लीव्हलँड आणि अॅक्रन भागात सरकारी पैशावरच्या चार्टर शाळा चालवत असे. शाळांच्या संचालक मंडळांनी कंपनीशी फारकत घ्यायची ठरवली, तेव्हा कंपनीने टेबल-खुर्च्या आणि संगणकांवर हक्क सांगितला. ते घेतले होते सरकारने मुलांसाठी दिलेल्या पैशातून. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५मध्ये निकाल लागला: करारात तसे लिहिले आहे, वस्तू हव्या असतील तर शाळांनी त्या कंपनीकडून विकत घ्याव्यात. ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. कंपनीला काढता येते, पण जाताना बाकही तिचेच.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळे चालते त्या पालकांना विचारले तर? २००१मध्ये न्यूयॉर्कमध्ये खरेच विचारले गेले. मागे पडलेल्या पाच शाळा एडिसनकडे द्याव्यात का, यावर पालकांचे मतदान झाले. महापौर जुलियानी अनुकूल होते. मतदान केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के पालकांनी नको म्हटले. हे पालक आपल्या शाळांवर खूश होते असे मुळीच नाही. पण शाळा वाईट असली तर भांडायला जायची जागा त्यांना माहीत होती, आणि ती जागा दुसऱ्या कोणाच्या भागधारकांकडे सोपवायची त्यांची तयारी नव्हती. फिलाडेल्फियात असे मतदान घेतले गेले नाही. तिथला नेमलेला आयोग २०१८मध्ये विसर्जित झाला आणि कारभार शहराकडे परत आला.

हे सगळे इथे, मराठीत सांगण्याचे कारण उघड आहे. मुंबई महापालिकेने २०१३मध्येच शाळा चालवायला खासगी भागीदार घेण्याचे धोरण आणले. २०१७च्या डिसेंबरात राज्याच्या विधिमंडळाने स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात दुरुस्ती करून कंपन्यांना शाळा काढण्याची वाट मोकळी केली. २०२३मध्ये ‘दत्तक शाळा’ योजना आली. देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची तरतूद तिच्यात आहे. न्यायाने बोलायचे तर यांतली एकही गोष्ट म्हणजे फिलाडेल्फिया नव्हे. दत्तक योजनेत व्यवस्थापन देणगीदाराकडे जात नाही, महापालिकांबरोबर शाळा चालवणाऱ्या अनेक संस्था ना-नफा तत्त्वावर काम करतात आणि त्यांतल्या काहींचे काम चांगले आहे. शिवाय शिक्षण हे नफेखोरीचे क्षेत्र नाही, वाजवी शिल्लक चालेल, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००२च्या टी. एम. ए. पै खटल्यात घेतली आहे. पण पायरी पायरीने भाषा बदलते आहे. पटसंख्या घसरली की शाळा बंद करायची किंवा कोणाला तरी द्यायची, या दोनच पर्यायांत आपण विचार करू लागलो आहोत. पट का घसरला, शिक्षकांना जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला किती जुंपले, शेजारच्या इंग्रजी शाळेला परवानगी कोणी दिली, हे प्रश्न विचारण्याचा कंटाळा आला की कंपनी आकर्षक दिसू लागते.

तेव्हा असा प्रस्ताव महापालिकेच्या पटलावर आला तर नगरसेवकांनी आणि पालकांनी त्याच्या गुळगुळीत सादरीकरणावर वेळ घालवू नये. चार गोष्टी लेखी मागाव्यात. नफा नेमका कोणत्या खर्चात कपात करून येणार, पदांच्या नावासकट. आज मिळणाऱ्या रकमेपेक्षा एक रुपयाही जादा न घेता काम करणार का. विशेष गरजा असलेली, वर्षाच्या मध्यात गावाहून आलेली, वय जास्त असलेली मुले पटावर राहतील याची हमी काय. आणि कंपनी निघून गेली तर बाके, पुस्तके, संगणक आणि मुलांच्या नोंदी कोणाच्या. या चार प्रश्नांची सरळ उत्तरे देऊनही जिला नफा उरेल अशी कंपनी वरच्या एकाही प्रयोगात सापडली नाही. जो जादा पैसा आणि जे लक्ष कंपनीला द्यायला आपण तयार होतो, ते आधी आपल्याच शाळेला तीन वर्षे देऊन पाहावे. फिलाडेल्फियाच्या २१ शाळांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.